थंडीतला रात्रीचा प्रवास आणि गाडीची धुरकट काच

आपल्या समाजाचे वर्षातले मोठे प्रवास बहुतेक हिवाळ्यातच येतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २५ डिसेंबरला महाडचे क्रांतिस्थळ, १ जानेवारीला भीमा कोरेगावचा विजयस्तंभ, ३ जानेवारीला सावित्रीमाईंचे नायगाव आणि १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी मराठवाड्यातल्या विद्यापीठाचे गेट. सव्वा महिन्यात पाच तारखा. दीक्षाभूमीचा सोहळा तेवढा थंडी पडण्याआधी पार पडतो.

हा प्रवास आपली माणसे दिवसा करीत नाहीत. हातावर पोट असलेल्याला एक दिवसाचा रोज बुडवणे परवडत नाही. म्हणून संध्याकाळी कामावरून यायचे, भाकरी बांधून घ्यायची, रात्री नऊ-दहाला वस्तीच्या कोपऱ्यावरून गाडी हलवायची, पहाटे पोचून अभिवादन करायचे, पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन पुस्तके घ्यायची आणि पुन्हा रात्रीच परत फिरायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. रेल्वेने आणि एसटीने जाणारे पुष्कळ आहेत. पण दहा-बारा घरे मिळून भाड्याची जीप, बोलेरो किंवा ईको ठरवणारेही आता कमी नाहीत.

अशा गाडीत काय होते ते प्रत्येकाने पाहिले आहे. सात जणांच्या जागेत नऊ जण. मांडीवर लेकरे. कानटोप्या, शाली, पायाशी डबे आणि चहाचा थर्मास. बाळाला वारा लागू नये म्हणून काचा घट्ट वर केलेल्या. गाव सोडून गाडी हमरस्त्याला लागते न लागते तोच पुढची काच धुरकटायला लागते. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने काच पुसतो. शेजारी बसलेला आपला मफलर काढून पुसतो. दोन मिनिटे बरी जातात आणि परत तेच. समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्याचा उजेड त्या ओल्या, पुसलेल्या काचेवर असा पसरतो की क्षणभर रस्ताच दिसेनासा होतो.

तो एक क्षण किती महागात पडू शकतो, याचा विचार करा. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. आणि आपले हे प्रवास नेमके गळीत हंगामात येतात. नगर रोडला आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही रस्त्याला रात्री उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या चाललेल्या असतात. त्यांच्या मागे दिवा नसतो, कधी तांबडे चकाकते पट्टेही नसतात. त्या बैलगाडीवर बसलेली ऊसतोड माणसेही आपलीच असतात. धुरकट काचेमागून ती दिसली नाहीत, तर दोन्हीकडे आपलीच घरे उद्ध्वस्त व्हायची. म्हणून विषय साधा वाटला तरी वाचक बंधू-भगिनींनी तो जरा बारकाईने समजून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

वाफेचा जमा-खर्च

काचेवर जे धरते ते धुके नव्हे, धूरही नव्हे. ते आपल्याच श्वासातले पाणी आहे. हवेत पाण्याची वाफ नेहमी असते, ती डोळ्यांना दिसत नाही. हवा जितकी गरम तितकी जास्त वाफ तिच्यात मावते, गार हवेत कमी मावते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी पेटी कल्पिली, तर ३० अंश सेल्सिअसला तीत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांला १७ ग्रॅम, आणि १० अंशांला जेमतेम ९ ग्रॅम. मावण्याची हद्द ओलांडली की जादा वाफेचे पाणी होते आणि ते सर्वांत गार वस्तूवर जाऊन बसते. गाडीत सर्वांत गार वस्तू म्हणजे काच, कारण तिच्या पाठीवर बाहेरची थंडी असते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तोच हा प्रकार.

आमचे आयुष्य जमा-खर्चाच्या वह्यांत गेले असल्याने आम्ही हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला. बाहेर १० अंश थंडी आहे आणि हवेत घनमीटरला ७ ग्रॅम वाफ आहे असे धरू. गाडीच्या आतली मोकळी जागा चार घनमीटर धरली, तर सुरुवातीची शिल्लक २८ ग्रॅम. काचेचे तापमान १० अंश असताना तिच्याजवळच्या हवेत ३७-३८ ग्रॅमांहून जास्त वाफ राहू शकत नाही. म्हणजे आणखी दहाएक ग्रॅमांचीच जागा उरली. आता जमेची बाजू पाहा. शांत बसलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला ढोबळमानाने ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. नऊ माणसांचे झाले ३६० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला ६ ग्रॅम. दहा ग्रॅमांची जागा भरायला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. गाडीला फटी असतात, थोडी हवा जात-येत असते, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ मिळतो एवढेच. रात्रभराचा आकडा काढला तर नऊ माणसे आठ तासांत जवळजवळ तीन लिटर पाणी त्या डब्यात सोडतात. त्यात ओले पायपोस, नुकतीच धुतलेली आणि नीट न वाळलेली चादर, थर्मासचे उघडलेले झाकण आणि गरम भाजीचा डबा यांची भर वेगळीच.

धम्मवर्गाला बसणाऱ्यांना यात नवीन काही वाटू नये. कारण असेल तोवर परिणाम राहणार, आणि कारण काढून घेतले की तो आपोआप थांबणार, हा भगवंतांनी सांगितलेला नियम काचेलाही लागू आहे. पुढे लिंबू-मिरची टांगलेल्या गाडीची काचही तितकीच धुरकटते, हे आम्ही काही मालकांना हसत हसत सांगत असतो. काहींनी ती काढलीही आहे.

काच पुसणे हा उपाय नव्हे

हाताने किंवा मफलरने काच पुसली तर पाणी जाते, पण वाफ आतच राहते. शिवाय हाताचे तेल आणि घाम काचेवर फासला जातो. दिवसा ते दिसत नाही. रात्री समोरचा दिवा पडला की त्याच तेलाच्या रेघा चमकतात. बिडी-सिगारेटच्या धुराचा थरही काचेच्या आतल्या बाजूस बसतो आणि मळक्या काचेवर वाफ लवकर धरते. त्यासाठी निघण्याच्या दिवशी दुपारीच पुढची काच आतून धुऊन घ्यावी. बाहेरून सगळेच पुसतात, आतून कोणी पुसत नाही. पाण्यात साबणाचा एक थेंब, स्वच्छ सुती फडके, मग कोरड्या वर्तमानपत्राने घासणे, एवढ्याने काम होते. फडके जुन्या धोतराचे किंवा साडीचे असावे. नायलॉनच्या कापडाने पाणी नुसते इकडून तिकडे सरकते.

प्रथम वाफ आत आहे की बाहेर, हे बोट फिरवून पाहावे. हिवाळ्यात बहुधा ती आतच असते. पावसाळ्यात एसी जोरात लावला तर काच आतून गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरून बसते. तेव्हा वायपर एकदा फिरवावा आणि एसीची गार हवा काचेवरून दुसरीकडे वळवावी. हिवाळ्यात वायपर कितीही फिरवला तरी आतले पाणी हलणार नाही. आम्ही असे वायपर फिरवणारे पुष्कळ पाहिले आहेत.

आता खरा उपाय. आतली दमट हवा बाहेर गेली पाहिजे आणि काच थोडी उबदार झाली पाहिजे. गाडीत हीटर आणि एसी दोन्ही असतील तर तापमानाचा खटका गरम बाजूला न्यावा, हवेची दिशा पुढच्या काचेकडे करावी, ब्लोअर मोठा करावा आणि एसीचे बटणही दाबावे. थंडीत एसी म्हटले की गाडीतले सगळे एकदम ओरडतात. पण एसीचे काम केवळ गारवा देणे नाही. त्याच्या आतल्या गार जाळीवरून हवा जाते तेव्हा तिच्यातले पाणी तिथेच गळून पडते. एसीच्या गाडीखाली थेंब थेंब पाणी पडताना आपण पाहतो, ते हेच. कोरडी झालेली ती हवा पुढे हीटरने गरम होते आणि काचेवर येते. आत बसलेल्याला थंडी वाजत नाही आणि काच दोन-चार मिनिटांत स्वच्छ होते.

मात्र एक बटण सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच नेहमी चुकीच्या बाजूला असते. गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेले बटण दाबलेले असेल, तर आतलीच हवा आतल्या आत फिरत राहते. शहरातल्या धुळीसाठी, धुरासाठी ते ठीक आहे. थंडीच्या रात्री ते बंद असावे आणि बाहेरची हवा आत येऊ द्यावी. बाहेरची हवा थंड असली तरी तिच्यात वाफ कमी असते, हे वरच्या हिशेबात आलेच आहे. तीच हवा गरम केली की प्रत्येक घनमीटर आणखी दहाएक ग्रॅम पाणी उचलून नेऊ शकते. नऊ माणसांच्या वाफेला तासाला ३६ घनमीटर हवा पुरते आणि मोठ्या वेगावरचा ब्लोअर याच्या कित्येक पट हवा देतो.

हीटर चालवला तर डिझेल जास्त जाते, असा एक गैरसमज मालकांत आहे. तसे नसते. इंजिन गार ठेवणारे पाणी तापलेले असतेच, त्याचीच वाया जाणारी उष्णता हीटर आत घेतो. खर्च होतो तो फक्त पंख्याच्या विजेचा. इंजिन तापेपर्यंत पाच-दहा मिनिटे हीटरची हवा गारच लागते, तेवढा धीर धरावा. एसीला थोडे इंधन जास्त लागते हे खरे, पण तो सारा वेळ चालवावा लागत नाही. काच साफ झाल्यावर बंद केला आणि पुन्हा धुरकटली तर लावला, असे चालते.

डॅशबोर्डच्या पुढच्या कडेला काचेला लागून एक लांबट फट असते. ब्लोअरची हवा तिथूनच काचेवर चढते. आपल्या गाड्यांतून या फटीवर पाहावे तर पंचशीलाचे छोटे निशाण, फुलांचा हार, टॉवेल आणि टोलच्या पावत्या! बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर डॅशबोर्डवर जरूर असावी, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण हार त्या फटीवर येऊ देऊ नये. तसेच "जय भीम"चा मोठा स्टिकर पुढच्या काचेवर ड्रायव्हरच्या नजरेसमोर लावण्यापेक्षा बॉनेटवर लावला तर तो लोकांना दिसतोही जास्त.

हीटर नसलेली गाडी

आपल्या वाट्याला येणाऱ्या भाड्याच्या गाड्या बहुधा साध्या मॉडेलच्या असतात. त्यात एसी नसतो, हीटर असला तरी गळायला लागल्यावर गॅरेजवाल्याने त्याची नळी बांधून टाकलेली असते. अशा गाडीत एकच मार्ग आहे. ड्रायव्हरची काच दोन बोटे आणि तिच्या तिरपी समोरची मागची काच दोन बोटे खाली ठेवायची. हवा एका बाजूने येते आणि गाडीभर फिरून दुसऱ्या बाजूने जाते. एकच काच उघडली तर तितके होत नाही.

इथे भांडण ठरलेले आहे. मागच्या सीटवरच्या आजी म्हणतात, लेकराला सर्दी होईल. ड्रायव्हर म्हणतो, मला दिसत नाही. आमच्या मते ड्रायव्हरचे ऐकावे. लेकराला उघड्या फटीजवळ बसवू नये, मधल्या जागेत आईजवळ बसवावे, कानटोपी आणि पायमोजे घालावेत, वरून चादर द्यावी. दोन बोटांच्या फटीने जी थंडी येते तिला चादर पुरेशी आहे. धुरकट काचेला चादर उपयोगाची नाही. आमच्या मंडळाच्या गाड्यांत आता फटीजवळची जागा तरुण पोरांनी घ्यायची, असे ठरवूनच टाकले आहे. कुरकुर होते, पण बसतात.

ट्रकवाले पावसात काचेला बाहेरून तंबाखू चोळतात, हे अनेकांना ठाऊक असेल. थंडीत आतून साबणाचा हात देण्याचीही तशीच रीत आहे. फडक्यावर साबणाचा किंवा दाढीच्या फेसाचा अगदी थोडा अंश घेऊन काचेला लावायचा आणि काच कोरडी लख्ख होईपर्यंत घासायची. त्यामुळे पाण्याचे बारीक थेंब न बनता पातळ पापुद्रा पसरतो आणि आरपार दिसते. एक-दोन दिवस गुण राहतो. पण हा तात्पुरता उपाय आहे, आणि साबण जास्त झाला तर दिव्याची तिरीप उलट वाढते. म्हणून आधी बाजूच्या काचेवर करून पाहावे. थिजलेल्या काचेवर गरम पाणी ओतण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये. एकदम ताण बसून काच तडकते. मागच्या काचेवर आडव्या बारीक तपकिरी रेघा असतील तर त्या वीजेने तापणाऱ्या तारा आहेत. त्यांचे बटण वेगळे असते. त्या नखाने खरवडू नयेत, त्यावर चिकटपट्टीही लावू नये.

कधी काच पुसूनही तेलकट, चिकट राहते आणि आत गोडसर वास येतो. तेव्हा हीटरमधून इंजिनाचे पाणी आत गळत असते. ते काम फडक्याचे नाही, मेकॅनिकचे आहे.

खरे धुके पडले तर गोष्ट वेगळी. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि जवळ नदी किंवा भिजवलेला ऊस असला की पहाटे रस्त्यावर धुके उतरते. भीमेच्या काठी ते नवीन नाही. कसारा घाटात आणि चाळीसगावच्या बाजूने येणाऱ्यांना कन्नडच्या घाटातही ते गाठते. अशा वेळी मोठा दिवा लावला तर धुक्यावरून उजेड उलटा डोळ्यांवर येतो. दिवा खालचा ठेवावा, वेग निम्म्यावर आणावा, डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून जावे आणि काच किंचित खाली करून कानानेही रस्ता घ्यावा. अगदीच दिसेना तर पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर आत गाडी घालून थांबावे. रस्त्याच्या कडेला थांबणे धोक्याचे, कारण मागच्यालाही दिसत नसते.

थांबलेल्या गाडीत झोपू नका, असे आम्ही म्हणत नाही, कारण आपल्या माणसांना दुसरी सोय नसते. पार्किंगच्या मैदानात पहाटेपर्यंत माणसे गाडीतच पडून असतात. पण उबेसाठी काचा बंद करून आणि इंजिन चालू ठेवून झोपणे हे मरणाला आमंत्रण आहे. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेल्याला तो जागे होऊ देत नाही. गाडीत कोळशाची शेगडी ठेवणे तर त्याहून वाईट, तिच्यातूनही तोच वायू निघतो. इंजिन बंद, दोन बाजूंच्या काचा दोन-दोन बोटे खाली, अंगावर जास्तीची चादर. सकाळी काचा आतून भिजलेल्या असतील, त्या पुसून आणि ब्लोअर पाच मिनिटे चालवून मगच गाडी हलवावी. मागच्या काचेला आणि आरशांना फडके मारण्याचे काम पोरांना द्यावे.

ड्रायव्हरची बाजू

आपल्या समाजातील शेकडो तरुण आज ड्रायव्हरकी करतात. काच धुरकटली, अपघात झाला, की ठपका त्यांच्यावर येतो. पण तुटका ब्लोअर, बांधलेली हीटरची नळी आणि वायपरचे झिजलेले रबर हे मालकाचे काम असते, आणि "डिझेल जाते, एसी लावू नको" अशी तंबीही मालकाचीच असते. केंद्र सरकारने २०२३ साली अधिसूचना काढून नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला. तो उन्हाळ्याच्या सोयीसाठी आहे असे लोक समजतात. थंडीच्या रात्री त्याच ट्रकची काचही त्यानेच साफ राहणार आहे. आपल्या वाट्याच्या जुन्या जीपला मात्र हा नियम लागू नाही. तिथे आपणच विचारले पाहिजे.

म्हणून मंडळाच्या वतीने गाडी ठरवताना आम्ही भाड्याच्या आकड्याआधी गाडी चालू करायला लावतो. ब्लोअर लावून पुढच्या काचेच्या फटीवर हात धरतो. हवा लागली तर ठीक. वायपर पाण्यासह फिरवून पाहतो. दोन्ही बाजूंच्या काचा खाली-वर होतात का ते बघतो, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत एक तरी काच अडकलेली असते. दोन रात्रींच्या प्रवासाला दोन ड्रायव्हर की एकच, हेही तेव्हाच ठरवतो. परतीच्या रात्री ड्रायव्हरचे डोळे जड असतात आणि पेंगणाऱ्या डोळ्यांना काच कधी धुरकटली ते कळत नाही. ड्रायव्हरचे जेवण आणि दुपारची चार तासांची झोप मंडळाकडे, असे बोलून घेतो. मग विसार देतो, आणि विसाराच्या चिठ्ठीवर गाडी नंबराखाली "ब्लोअर व वायपर चालू पाहिले" असे लिहून मालकाची सही घेतो. एका मालकाने सही करायला नकार दिला. त्याची गाडी आम्ही घेतली नाही. दुसऱ्याने त्याच संध्याकाळी वायपरला नवे रबर टाकून आणले.